वढवाण्याचे पाणी आणि चार दुर्बिणी

हिवाळा लागला की वडोदऱ्याच्या मराठी घरांतून गरुडेश्वरास जाण्याचे बेत ठरू लागतात. टेंबेस्वामींच्या समाधीचे दर्शन, नर्मदास्नान आणि परतताना चांदोदचा घाट, असा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम असतो. या वाटेवर डभोई लागते. गाडी चहापुरती थांबते, हौशी माणसे हिराभागोळीचे कोरीव काम पाहून घेतात, एखादे जाणते गृहस्थ १७३१ साली याच परिसरात पहिल्या बाजीरावांनी त्रिंबकराव दाभाड्यांचा पाडाव केल्याची आठवण काढतात आणि त्या लढाईत आपले पिलाजीराव गायकवाड हरलेल्या बाजूस होते हेही किंचित हसून सांगतात. मग गाडी पुढे निघते. पण वाट थोडी वाकडी केली तर एक असे स्थळ आहे, जे आपल्याच सयाजीराव महाराजांच्या राज्यात निर्माण झाले, आणि तरीही आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. ते म्हणजे वढवाण्याचा तलाव.

प्रारंभीच सांगितलेले बरे की, हे सौराष्ट्रातील वढवाण नव्हे. हा वढवाणा डभोई तालुक्यात, वडोदऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. तलाव निसर्गनिर्मित नाही. नर्मदेस मिळणाऱ्या ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावर अडवून ते कालव्याने येथे आणले गेले आणि १९१० च्या सुमारास बडोदे संस्थानाने हा जलाशय शेतीसाठी बांधून घेतला. ज्या राजाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच राजाचे हे काम. आम्हा शिक्षकांच्या मनात पहिल्या कामाची नोंद कायमची असते, दुसऱ्याची नसते. शेतकऱ्यांच्या मनात नेमके उलट.

या पाण्यावर पाखरे येतील हे बांधणाऱ्यांच्या हिशेबात नसावे. पण ती आली, आणि इतक्या संख्येने येत राहिली की २०२१ साली मेहसाणा जिल्ह्यातील थोळच्या तलावाबरोबर वढवाण्याचाही समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. क्षेत्र सुमारे ६३० हेक्टर. मध्य आशियातून भारतात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या ऐंशीहून अधिक जाती येथे हिवाळा काढतात.

आता या लेखाच्या दुसऱ्या विषयाकडे वळतो. ६३० हेक्टरांचे पाणी आणि त्याच्या मध्यावर बसलेली पाखरे, हे दृश्य नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास काळ्या ठिपक्यांची एक रांगोळी दिसते आणि पाच मिनिटांत त्याचे लक्ष शिदोरीकडे जाते. ठिपक्याचा पक्षी करण्यास दुर्बीण लागते. आणि दुर्बीण कोणती, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेपुढे खरोखरीच उभा राहिला होता.

झाले असे की, शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी निसर्गमंडळासाठी म्हणून ३०,००० रुपये जमवून दिले. मंडळात चाळीस मुले. आमच्या विज्ञानशिक्षकांचे मत असे की, या रकमेत एकच, पण उत्तम दुर्बीण घ्यावी. वाईट काचेतून पाहिलेले न पाहिल्यापेक्षा वाईट. माझे म्हणणे, चाळीस मुलांत एक दुर्बीण म्हणजे एका मुलाच्या वाट्यास तासाभरात दीड मिनिट येणार. दोघांचेही खरे होते, म्हणून वाद मिटेना. शेवटी ठरले की आधी पाहावे, मग बोलावे. एक दुर्बीण दुकानदाराने दोन आठवड्यांसाठी विश्वासाने दिली, बाकीच्या तीन स्नेह्यांकडून मिळाल्या. त्यांची नावे व छाप येथे देत नाही. एकाच छापाच्या दोन दुर्बिणींतही फरक असतो आणि आमच्या हाती आलेल्या एकेका नगावरून कारखान्याचा न्यायनिवाडा करणे योग्य नव्हे. जातीने त्या अशा होत्या: सुमारे ८,००० रुपयांची ८×४० पोरो, १२,००० ची ८×४२ रूफ, २८,००० ची ८×४२ रूफ, पण चांगल्या लेपांची व विशेष काचेची, आणि १०,००० ची १०×५० पोरो.

या आकड्यांचा अर्थ अनेकांस ठाऊक नसतो, म्हणून थोडे विवेचन करतो. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल तो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागले की मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० भागिले ८ म्हणजे ५ मिलिमीटर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधुक उजेडातही सहसा याहून फार मोठी होत नाही, तेव्हा माझ्या वयाच्या माणसाने याहून जाड झोतासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. मुलांची बाहुली अधिक उघडते. पण मुले पहाटेच्या अंधारात पाखरे पाहत नाहीत, ती बसमध्ये झोपलेली असतात.

पोरो आणि रूफ हे आतील लोलकांचे प्रकार. इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली लोलकांच्या जोडीने उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली आणि १८९४ मध्ये येना येथील त्साइस कारखान्यातून आबे यांनी ती व्यवहारात आणली. चित्रपटांतून सेनापतीच्या गळ्यात दिसणारी, खांदे बाहेर आलेली दुर्बीण ती ही. रूफ प्रकारात नळ्या सरळ असतात, म्हणून ती सुबक व हलकी. परंतु तिच्या लोलकाचे एक टोक घराच्या कौलांसारखे दोन बाजूंनी उतरते आणि प्रकाशाची किरणे त्या आढ्यावर दुभंगून पुन्हा एकत्र येतात. एकत्र येताना त्यांच्या लहरींचा मेळ किंचित चुकतो आणि बारीक रेषा पुसट होतात. हा दोष घालवण्यासाठी लोलकावर एक सूक्ष्म लेप देतात. तो १९८८ साली प्रथम त्साइसनेच बाजारात आणला. महागड्या रूफ दुर्बिणीत हा लेप असतो, स्वस्तात पुष्कळदा नसतो. पोरोला तो लागतच नाही. मध्यम किमतीच्या बाजाराचे अर्धे रहस्य या एका गोष्टीत आहे.

उरलेले अर्धे रहस्य भिंगांवरील लेपांत. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा वाटेतच नाहीसा होतो. नाहीसा झाला असता तरी एक वेळ चालले असते. तो नळीत भटकतो आणि काळ्याला राखाडी करतो. १९३५ साली स्माकुला यांनी यावर पातळ लेपाचा उपाय शोधला. भिंगात तिरके पाहिले की हिरवट-जांभळे प्रतिबिंब दिसते ते या लेपाचे. पांढरे शुभ्र प्रतिबिंब दिसले तर ती दुर्बीण तशीच खाली ठेवावी.

पटीबद्दल जाहिराती कितीही बोलोत, दुर्बिणीचा खरा गुण रेखीवपणा. तो कसा मोजावा? निरोगी डोळा साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन ओळखतो. ५० मीटरांवर हा कोन सुमारे साडेचौदा मिलिमीटर होतो. आठपट दुर्बिणीतून तो पावणेदोन मिलिमीटरांवर यावा, दहापटीतून दीडवर. चांगल्या भिंगाची स्वतःची क्षमता याहून पुष्कळ अधिक असते. ४० मिलिमीटरांचे भिंग तत्त्वतः तीन विकलांपर्यंत भेद करू शकते. म्हणजे दुर्बीण निर्दोष असेल तर अडथळा काचेचा नसून आपल्या डोळ्याचा असतो, आणि डोळ्याने जेवढे दिसायला हवे तेवढे दिसले नाही तरच काचेचा दोष.

म्हणून विज्ञानशिक्षकांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांचे गट छापून घेतले. रेषा आणि त्यांमधील मोकळी जागा सारखीच. पहिल्या गटात ४ मिलिमीटर, मग ३, अडीच, २, दीड आणि १. काही गट उभे, काही आडवे. कागद शाळेच्या पूर्वेकडील भिंतीवर चिकटवला, टेपने ५० मीटर मोजून चुन्याची रेघ मारली आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चाळीस मुले, पाच शिक्षक व एक शिपाई यांची रांग लागली. प्रत्येकाने शेवटचा सुटा दिसलेला गट सांगायचा. आगाऊ माहिती नको म्हणून दर थोड्या वेळाने कागद फिरवीत होतो.

निकाल दुकानात सांगितल्यापेक्षा निराळा लागला. हातात धरून पाहिले तेव्हा चारही दुर्बिणींतून बहुतेकांस अडीच मिलिमीटरांपलीकडे जाता येईना. दहापट दुर्बिणीने काहीही अधिक दाखवले नाही, कारण तिने चित्राबरोबर हाताचा कंपही दहापट केला. मग तिपाई लावली. तिपाईवर १०×५० ने दीड मिलिमीटरच्या रेषा सुट्या केल्या. ८×४० पोरो आणि २८,००० ची रूफ, दोन्ही २ मिलिमीटरपर्यंत पोहोचल्या. १२,००० ची रूफ एका दिशेच्या रेषा २ पर्यंत दाखवी, पण त्यांना काटकोनात असलेल्या रेषा मात्र अडीचलाच एकमेकींत मिसळत. आढ्याचा दोष हा असा कागदावर उमटला. विज्ञानशिक्षकांचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता. पाठ्यपुस्तकातील वाक्य भिंतीवर खरे झालेले पाहण्याचे भाग्य आमच्या व्यवसायात वारंवार येत नाही.

आठ हजारांची दुर्बीण अठ्ठावीस हजारांच्या तोडीस, मग वीस हजार कशाचे? कागद चित्राच्या मध्यातून कडेला सरकवला तेव्हा उत्तर मिळाले. पोरोचे बाहेरील तिसऱ्या हिश्शाचे चित्र विरघळल्यासारखे होते. ३ मिलिमीटरच्या रेषाही तेथे सुटत नव्हत्या. महाग दुर्बीण जवळजवळ कडेपर्यंत स्वच्छ होती. शिवाय छपराच्या कडेशी, आकाश जेथे भिंतीला भिडते तेथे, पोरोत जांभळट किनार दिसे, ती महाग दुर्बिणीत नव्हती. ती काचेची आणि कारागिरीची किंमत. ती घेण्याजोगी आहे, पण मध्यावर पाहणाऱ्यास तिची गरज कमी. आणि लहान मूल नेहमी मध्यावरच पाहते.

या तपासणीत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. दोन डोळ्यांच्या नंबरांतील फरक जुळवण्यासाठी दुर्बिणीच्या उजव्या बाजूस एक कडे असते. प्रथम उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यास स्पष्ट करायचे, मग डावे झाकून उजव्यास त्या कड्याने. बहुतेक मुलांचे कडे शून्याच्या आसपास राहिले. सहावीतल्या एका मुलीने मात्र ते जवळजवळ टोकापर्यंत फिरवले. विज्ञानशिक्षकांस वाटले तिला कृती समजली नाही. पुन्हा करावयास सांगितले. कडे पुन्हा तेथेच. दुसऱ्या दुर्बिणीतही तेथेच. मी तिला डावा डोळा झाकून सूचनाफलक वाचण्यास सांगितले. ती म्हणाली, "सर, अक्षरं आहेत, पण लागत नाहीत." मग तिनेच विचारले, "सगळ्यांना एका डोळ्यानं असंच दिसतं ना?"

तिच्या आईवडिलांस सोमवारी शाळेत बोलावले. वडील रिक्षा चालवतात. मुलगी अभ्यासात चांगली, फळ्यावरचे सारे उतरवून घेते, म्हणून कोणासच शंका नव्हती. एक डोळा दुसऱ्याचे काम करीत होता. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा डाव्या डोळ्यास नंबर नव्हता, उजव्याचा उणे अडीच निघाला. वय लहान असल्याने चष्मा आत्ताच लागलेला बरा, असे ते म्हणाले. संक्रांतीपूर्वी चष्मा आला. ३०,००० रुपये देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस मी हे पत्राने कळवले, तेव्हा दुर्बीण अजून विकत घेतलेलीही नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. डभोईस पोहोचलो तेव्हा दिवे जळतच होते. येथून मियागामपर्यंत १८६२ साली गायकवाडांची अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि तिचे डबे प्रथम बैल ओढीत, हे मी मुलांस सांगितले. त्यांनी ते अर्धवट झोपेत ऐकले. डभोईपुढे गहू, एरंडी, कपाशी यांची शेते, मध्येच संखेड्याच्या रंगीत झोपाळ्याची जाहिरात, आणि एकाएकी रस्त्याच्या कडेला मातीचा उंच बांध. बांधावर चढेपर्यंत पलीकडे काय आहे याची कल्पना येत नाही. चढल्यावर प्रथम आवाज येतो, मग पाणी दिसते.

तो आवाज वर्णन करणे अवघड आहे. मोठ्या देवळात आरतीपूर्वी जमलेल्या माणसांची कुजबूज जशी असते, तसा. पाण्यावर पातळ धुके, त्यात वारकऱ्यांचे थवे. वाचकांपैकी ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: काळ्या अंगाच्या व कपाळी पांढरा टिळा लावलेल्या या पाणपक्ष्यास आपल्या मराठीत वारकरी म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, पण दृष्टी होती. मारुती चितमपल्लींनी आपल्या 'पक्षिकोशा'साठी अशी नावे आयुष्यभर गोळा केली. मुलांस इंग्रजी नाव पाठ करावे लागते. 'वारकरी' एकदा ऐकला की विसरत नाही. थापट्याची चोच थापटण्यासारखी रुंद, तलवार बदकाची शेपटी तलवारीसारखी लांब. चक्रवाक तर संस्कृत काव्यातून सरळ येथे येऊन उतरलेला, केशरी रंगाचा, जोडीने बसलेला. रात्री त्यांचा वियोग होतो म्हणतात. सकाळी सात वाजता तरी सारी जोडपी एकत्र होती.

काळ्या देहावरील पांढरा टिळा ही रेखीवपणाची उत्तम कसोटी आहे, हे मला तेथे कळले. लेप कमी असलेल्या १२,००० च्या दुर्बिणीतून, सूर्य समोर असताना, वारकरी राखाडी दिसत होते आणि टिळ्याभोवती धुरकट वलय होते. पोरोतून काळे, टिळा स्पष्ट. महाग दुर्बिणीतून टिळ्याची वरची गोल कडही दिसे. शाळेच्या भिंतीवर सूर्य पाठीशी होता, म्हणून हा फरक तेथे इतका कळला नव्हता. दुर्बीण पारखणाऱ्याने दुकानातून रस्त्यावर यावे आणि उजेडाच्या दिशेला, पण सूर्याकडे कदापि नव्हे, धरून पाहावे.

खरी परीक्षा झाली ती बदकांच्या एका छोट्या गटावर. बांधापासून दीडदोनशे मीटरांवर, लालसऱ्यांच्या मोठ्या थव्याच्या कडेस सातआठ गडद तपकिरी बदके होती. लालसरीची मादी तपकिरी असते आणि पांढऱ्या डोळ्यांची जी दुसरी लालसरी असते तीही तपकिरीच. फरक नराच्या पांढऱ्या डोळ्यात व शेपटीखालील पांढऱ्या पिसांत. जगात या दोन्ही जाती संकटाकडे झुकलेल्या आहेत, म्हणून येथे दर हिवाळ्यात होणाऱ्या गणनेत कोणती किती, यास महत्त्व असते. २०० मीटरांवर आठपट दुर्बिणीतून डोळ्यास सात मिलिमीटरांची वस्तू सुटी दिसावी, असा आमचा हिशेब सांगत होता. बदकाचा डोळा वाटाण्याएवढा. म्हणजे प्रकरण अगदी काठावर होते.

१२,००० च्या दुर्बिणीतून पाहणारी मुले 'मादी' म्हणाली. पोरोवाल्या मुलांत दुफळी झाली. महाग दुर्बीण विज्ञानशिक्षकांच्या हाती होती, ते पुष्कळ वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिघांचा डोळा पांढरा वाटतो." वाटतो, एवढेच. तेव्हा १०×५० मागवली. मी ती बांधावरील दगडी खांबावर रुमालाची घडी घालून टेकवली. त्यातून तीन नर निश्चित दिसले. एक तर शेपटी वर करून बुडी मारीत होता, तेव्हा शेपटीखालचा पांढरा ठसाही सापडला. हातात धरल्यावर निरुपयोगी ठरलेल्या दुर्बिणीने टेकू मिळताच सर्वांवर मात केली. चष्मा लावून पाहणाऱ्या त्या सहावीतल्या मुलीने डोळ्यांभोवतीची रबरी वाटी दुमडून घेतली आणि कड्याकडे पाहून सांगितले, "सर, आता शून्यावरच स्पष्ट दिसतं." मग तिने खांबावरच्या दुर्बिणीतून चौथा नर शोधून दिला. तो मला दिसला नव्हता.

तलावाच्या दूरच्या काठावर पट्टकदंब होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. हिमालय ओलांडणारे हे पक्षी ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत. मंगोलियात अभ्यासकांनी यांपैकी काहींच्या मानेत अक्षरे लिहिलेली रंगीत कडी घातली आहेत आणि ती भारतात वाचली गेली आहेत. मुलांनी तासभर माना तपासल्या. कडे कोठे दिसले नाही, आणि दिसले असते तरी त्या अंतरावरून अक्षर लागले नसते. आठपट दुर्बिणीतून दोन सेंटिमीटरांचे अक्षर वाचायचे तर पक्षी शंभरेक मीटरांत हवा. ते काम तिपाईवरील एकनळी दूरदर्शकाचे. मध्यम किमतीच्या दुर्बिणीकडून काय मागावे याचीही मर्यादा असते.

एक वृद्ध शेतकरी बराच वेळ आमच्याकडे पाहत उभे होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "साहेब, आमां शुं देखाय छे?" मी पोरो त्यांच्या हाती दिली. पक्ष्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. पाण्यावरून दुर्बीण थेट पलीकडच्या काठी नेली, चाक फिरवले, क्षणभर स्तब्ध राहिले आणि एकदम ओरडले. त्यांच्या गव्हात कोणाचीतरी म्हैस शिरली होती. दुर्बीण माझ्या हाती ठेवून काठी उगारीत ते बांधावरून धावत सुटले. आठ हजारांच्या काचेचा इतका रोख उपयोग दिवसभरात दुसरा झाला नाही.

दहा वाजता ऊन तापले आणि पाण्यावरची हवा थरथरू लागली. मग चारही दुर्बिणी सारख्या झाल्या; तापलेल्या हवेतून थवे लोणच्याच्या बरणीतल्या तेलातून पाहिल्यासारखे वितळू लागले. या थरथरीस कोणत्याही किमतीचा उपाय नाही. म्हणून वढवाण्यास जावयाचे तर उजाडताना पोहोचावे आणि साडेनवापर्यंत पाहून घ्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये हंस निघून जातात. बांधावर सावली कमी, पाणी बरोबर न्यावे, भडक कपडे नेऊ नयेत. आम्ही परतताना डभोईस सेवउसळ खाल्ली. ती तिखट होती आणि मुलांनी दोनदा घेतली.

परतल्यावर खरेदीचा निर्णय झाला. विज्ञानशिक्षकांनी स्वतःहूनच एका दुर्बिणीचा आग्रह सोडला. पण माझ्या मनातील तीन पोरोही झाल्या नाहीत. ८×४० पोरो दोन घेतल्या आणि १०×५० एक, तिच्यासाठी हलकी तिपाई. १०×५० चे वजन जवळजवळ एक किलो, आणि तिच्या नळ्या पुरेशा जवळ येत नसल्याने पाचवीतल्या मुलांस तिच्यातून दोन वर्तुळे दिसतात. ती मोठ्या मुलांसाठी. उरलेल्या पैशांत हवाबंद डबा आणि आर्द्रता शोषणारे सिलिकाचे खडे. या किमतीच्या पोरो बहुधा आतून सीलबंद नसतात आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात भिंगावर बुरशीचे जाळे धरू शकते. मग लेप, काच आणि लोलक यांची सारी चर्चा व्यर्थ. खड्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा डब्यात घालायचे असतात. ते काम आठवीच्या मुलांकडे आहे आणि त्याची नोंद डब्याच्या झाकणास चिकटवलेल्या कागदावर होते. झाकणाच्या आतल्या बाजूस प्रत्येक मुलाच्या उजव्या कड्याचा आकडा लिहिला आहे. जून उजाडला की तो तक्ता पुन्हा नव्याने भरायचा, असे ठरले आहे, आणि त्या दिवशी पाचवीपासून दहावीपर्यंतची सर्व मुले, मंडळात असोत वा नसोत, भिंतीसमोरच्या चुन्याच्या रेघेवर उभी राहतील.